गोळ्या वाढवल्या तसं पाणी हिरवं होत गेलं

2019 च्या ऑगस्टमधला पूर आमच्या बेळगाव भागात कुणीच विसरलेला नाही. आम्ही दोन दिवसांसाठी कोल्हापूरला नणंदेकडं गेलो होतो, हायवेवर पाणी आलं आणि तिथंच अडकलो. नवव्या दिवशी घरी पोचलो. घराचं कुलूप काढायच्या आधी मी मागं हौदाकडं, म्हणजे आमच्या स्विमिंग पूलकडं गेले. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं होतं. दुसरी पायरीसुद्धा दिसत नव्हती. बागकामाला येणारा आमचा गडी बैलहोंगलकडचा. तो काठावर उभा राहून म्हणाला, "पाची बंदैत्री अक्का." शेवाळ आलंय अक्का. तारेवर झाड पडून सहा दिवस लाईट नव्हती, म्हणजे मोटर बंद, फिल्टर बंद, आणि वर पाऊस.

घर बेळगावच्या जांबोटी रस्त्याला, किणये गावाच्या अलीकडं. सासऱ्यांच्या भाताच्या शेताच्या कडेला 2018 मध्ये बांधलं. आत्तींचे, म्हणजे सासूबाईंचे, दोन्ही गुडघे गेलेले. पाण्यात चाललं तर गुडघ्यावर भार येत नाही, व्यायाम होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून घराबरोबरच मागं स्विमिंग पूल करून घेतला. आत्ती पहिल्या दिवसापासून त्याला हौद म्हणतात, म्हणून आम्हीही हौदच म्हणतो. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, एका बाजूला 1.1 मीटर आणि दुसऱ्या बाजूला दीड मीटर खोल. सरासरी 1.3 धरली तर 41,600 लिटर पाणी होतं. हा आकडा मी फिल्टरच्या खोलीत भिंतीवर खडूनं मोठा लिहून ठेवलाय. आपल्या हौदात पाणी किती आहे हे माहीत नसेल तर कुठलंच औषध बरोबर पडत नाही.

त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की क्लोरीन कमी पडलं. म्हणून गोळ्या दुप्पट केल्या. तरंगत्या डब्यात घालायच्या त्या 200 ग्रॅमच्या पांढऱ्या गोळ्या. तिसऱ्या दिवशी पाणी जरासं निवळल्यासारखं वाटलं आणि आत्ती म्हणाल्या, "मी उतरतो आज, आठ दिवस झाले की." मी हो म्हटलं. ती माझी चूक. दुसऱ्या पायरीवर त्यांचा पाय सर्रकन घसरला. दांडीला हात होता म्हणून वाचल्या, कोपर मात्र सोलवटलं. त्यांना वर घेतल्यावर मी खाली बसून पायरीवरून हात फिरवला. भेंडी चिरताना बोटांना लागतं तसं बुळबुळीत. वरून पायरी स्वच्छ, पांढरी दिसत होती, पण टाइल्सच्या सांध्यांत आणि पायरीच्या आतल्या कोपऱ्यात तो थर धरून बसला होता.

त्याच संध्याकाळी हौदाच्या फाटकाला कुलूप घातलं. हे मी प्रत्येकाला आधी सांगते, औषधाचं नंतर. पाणी हिरवं किंवा दुधाळ असेल तर कुणालाही उतरू द्यायचं नाही. घसरण्यापेक्षा मोठी भीती दुसरीच आहे. तळ दिसत नसेल तर बुडालेलं माणूसही दिसत नाही. आमच्या गल्लीतली पोरं कुंपणावरून चेंडू काढायला येतात. त्यामुळं ते कुलूप आजही असतं, पाणी निळं असलं तरी.

पुढचे दोन आठवडे आम्ही जे जे केलं त्यातलं बरंचसं उलटं झालं. जिथनं गोळ्या घेत होतो त्या दुकानदारानं "शेवाळ मारायचं औषध" म्हणून एक निळी बाटली दिली. घातली. दोन दिवस फरक पडल्यासारखा वाटला, नंतर पुन्हा तसंच, आणि तिसऱ्या पायरीवर हिरवट निळा डाग पडला. त्या बाटलीत तांबं होतं हे मला डाग पडल्यावर कळलं. अथणीकडं ह्यांच्या मामांची द्राक्षबाग आहे. मामा फोनवर म्हणाले, "मोरचूद टाका की, आम्ही बागेला मारतोच." मोरचूदही तांबंच. त्यानं शेवाळ मरतं हे खरं, पण तांबं पाण्यात राहतं, टाइल्सवर डाग धरतं, पांढऱ्या केसांवर हिरवी झाक आणतं, आणि ते पाणी ओढ्यात गेलं तर माशांना बाधतं. आत्तींचे केस पांढरेशुभ्र आहेत. मामांना मी नाही म्हटलं.

सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो टेस्ट किटमुळं. किटमधले थेंब पाण्यात टाकले की पाणी पिवळं होतं, जितकं गडद तितकं क्लोरीन जास्त. आमचं पाणी गडद पिवळं येत होतं. क्लोरीन भरपूर आणि पाणी हिरवं! मी रोज सकाळी ती नळी उजेडात धरून बघायचे आणि मला काहीच समजायचं नाही.

उलगडा केला माझ्या भाचीनं. ती तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिनं फोनवर विचारलं, "मावशी, गोळीच्या डब्यावर नाव काय आहे?" मी चष्मा लावून वाचलं, ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड. ती म्हणाली, "मग नावातच आहे की. क्लोरीनबरोबर तू दर वेळी सायन्युरिक ॲसिडही घालतेस. क्लोरीन उडून जातं, ते राहतं."

हे मला जसं समजलं तसं सांगते. उघड्या हौदातलं क्लोरीन उन्हात फार लवकर नासतं. दुपारच्या कडक उन्हात तासाभरात अर्ध्याहून जास्त जाऊ शकतं. ते टिकावं म्हणून हे ॲसिड लागतं, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. 30 ते 50 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) असलं की काम छान चालतं. पण ते उन्हानं जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, पाण्याबरोबर वाफही होत नाही. त्यामुळं नुसतं साठत जातं. शंभरच्या वर गेलं की क्लोरीनला इतकं घट्ट धरतं की क्लोरीन असूनही शेवाळाला मारायला मोकळं राहत नाही. सावलीसाठी लावलेलं झाड एवढं पसरलं की खाली भाजीच उगवेना, तसं. पिवळ्या थेंबाचं किट हे सगळं अडकलेलं क्लोरीनसुद्धा मोजतं, म्हणून ते गडद दिसतं.

मी कागद घेऊन हिशेब केला. एक गोळी आमच्या हौदात विरघळली की क्लोरीन साधारण 4 पीपीएमनं वाढतं आणि हे ॲसिड अडीचनं. आठवड्याला तीन गोळ्या जायच्या. म्हणजे महिन्याला तिशीच्या वर. डिसेंबर ते मे फारसा पाऊस नाही, पाणी बदललं नाही, फक्त उडालेल्या पाण्याची भर घातली. शंभरी कधीच ओलांडली असणार. पावसाळ्यात वरून पाणी पडून हौद भरून वाहतो तेवढंच काय ते पातळ होत होतं.

भाचीनं सांगितलेलं चांगलं किट पुण्याहून मागवलं. त्यात स्टॅबिलायझर मोजायची नळी असते, तळाला एक काळा ठिपका. हौदाचं पाणी आणि त्यातलं द्रावण समसमान मिसळायचं, पाणी दुधाळ होतं. मग ते थोडं थोडं नळीत ओतायचं आणि वरून बघायचं, ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि आकडा वाचायचा. जितक्या कमी पाण्यात ठिपका जातो तितका आकडा मोठा, म्हणून मोठे आकडे नळीत खाली असतात. मी व्हरांड्यात उभी राहून ओतत होते. चमचाभर ओतलं नाही तोच ठिपका गेला, शंभरच्या रेघेच्या खूप खाली. मग हौदाचं पाणी विहिरीच्या पाण्यात निम्मं करून पुन्हा मोजलं. ठिपका 70 च्या रेघेला गेला, म्हणजे खरा आकडा 140.

ह्यावर औषध नाही. पाणी काढायचं आणि नवं भरायचं, एवढाच मार्ग. हे म्हणाले, सगळा रिकामा करूया, स्वच्छ घासून घेऊया. मी अडवलं, आणि ते बरं झालं. ऑगस्टमध्ये आमच्याकडं जमीन पाण्यानं फुगलेली असते. शेजारच्या शेतात घोटाभर पाणी, विहीर हात घालून तांब्या भरता येईल इतकी वर. अशा वेळी हौद पूर्ण रिकामा केला तर आतलं वजन जातं आणि बाहेरचं भूजल खालून दाब देतं. त्यानं तळ फुटू शकतो, आख्खा हौद उचललाही जाऊ शकतो. पावसाळ्यात हौद रिकामा करायचा विचार कुणी करत असेल तर हात जोडून सांगते, करू नका.

आम्ही एका वेळी तिसरा हिस्सा काढला. साधारण 14,000 लिटर, म्हणजे पातळी दीड फूट खाली. ते पाणी ओढ्यात सोडलं नाही, शेतातही नाही, तांब्यामुळं. रस्त्यापलीकडच्या आमच्याच पडीक माळावर पाइप नेला. मग विहिरीचं पाणी भरलं, एक दिवस मोटर चालवून मिसळू दिलं, पुन्हा तिसरा हिस्सा. असं तीनदा. 140 चे 93, मग 62, मग 41.

विहिरीच्या पाण्याचं एक सांगायचं राहिलं. आमची विहीर जांभ्यात खणलेली, पाण्यात लोह आहे. 2018 ला पहिल्यांदा हौद भरून क्लोरीन घातलं तेव्हा पाणी घटकाभरात कोऱ्या चहासारखं झालं आणि मी घाबरले होते. ते शेवाळ नव्हतं. क्लोरीननं लोह गंजून बाहेर पडलं होतं, फिल्टरनं ते तीन दिवसांत धरलं. म्हणून पाण्याचा रंग बदलला की पांढऱ्या बादलीत घेऊन बघावं. रंग आहे पण पाणी नितळ आहे, तर लोह किंवा तांब्याचा संशय घ्यावा. गढूळ आहे आणि भिंतीला बुळबुळ लागते, तर शेवाळ.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी, 1 सप्टेंबरला, खरा उपचार सुरू केला. आधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे तो आकडा, बघितला, 7.8 होता. पीएच वर असला की क्लोरीनचा जोर कमी पडतो, म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडं थोडं घालून, मोटर चालू ठेवून 7.2 वर आणला. मग हौद घासला. पायऱ्या, सांधे, शिडीच्या मागची जागा, दिव्याच्या कडा. शेवाळ भिंतीला चिकटून असतं तेव्हा वरचा थर आतल्याला वाचवतो. घासून ते पाण्यात मोकळं केलं तरच क्लोरीनच्या तावडीत सापडतं. ह्यांनी आणि मी दोन्हीकडून ब्रश लावला, तेव्हा पाणी होतं त्याहून हिरवं झालं. तसंच व्हायला पाहिजे.

आता मात्रा. स्टॅबिलायझर 40 असताना शेवाळ मारायला क्लोरीन 16 पीपीएमच्या आसपास न्यावं लागतं. आमच्या 41,600 लिटरला एक पीपीएम म्हणजे साधारण 42 ग्रॅम क्लोरीन, त्याचे सोळा पट 670 ग्रॅम. कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या पावडरीत 65 टक्के क्लोरीन असतं, म्हणून एक किलो पावडर. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घेतलं, मग पावडर सोडली. पावडरवर पाणी ओतायचं नाही. दिवस मावळल्यावर हौदाच्या कडेकडेनं सगळीकडं फिरवलं. ऊन नसतं म्हणून संध्याकाळ.

इथं एक गोष्ट अधोरेखित करून लिहायची आहे. ही पावडर आणि त्या गोळ्या एका मगमध्ये, एका डब्यात, एका फडताळावर ठेवायच्या नाहीत. दोन्ही क्लोरीनच, म्हणून माणूस गोळीचाच मग पावडरीला घेतो. त्या एकत्र आल्या, त्यातून ओल्या झाल्या, तर पेट घेतात, स्फोट होतो. आणि ॲसिड कुठल्याही क्लोरीनजवळ आलं तर विषारी वायू सुटतो. आमच्याकडं आता ॲसिड गॅरेजमागं, पावडर फिल्टरच्या खोलीत, दोन्हीला वेगळे मग आणि मगवर रंगानं खुणा. गड्याला मराठी वाचता येत नाही म्हणून नावं कानडीत लिहिली आहेत.

पहिल्या रात्रीत 16 चे 5 झाले. मी खचले नाही, कारण भाचीनं सांगून ठेवलं होतं: क्लोरीन खर्च होतंय म्हणजे मारतंय. सकाळ-संध्याकाळ मोजायचं आणि जेवढं कमी झालं तेवढं घालायचं. नव्या किटमध्ये पाणी गुलाबी होतं आणि थेंब मोजत मोजत ते बिनरंगाचं करायचं असतं. दर दोन थेंबांना एक पीपीएम. आरती होईपर्यंत मी थेंब मोजत बसायचे. मोटर दिवसरात्र चालू. फिल्टरचं प्रेशर स्वच्छ असताना 12 असतं, ते 22 ला गेलं की बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून गाळ बाहेर काढायचा. पहिल्या दोन दिवसांत चार वेळा करावा लागला, बाहेर येणारं पाणी वाटलेल्या कोथिंबिरीसारखं.

दुसऱ्या रात्रीत 16 चे 10. पाण्याचा हिरवा जाऊन राखाडी, मग तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा रंग आला. ते मेलेलं शेवाळ. कुणीतरी तुरटी फिरवा म्हणून सुचवलं. तुरटीनं गाळ खाली बसतो, पण तो बसलेला गाळ मोटरनं ओढून थेट बाहेर सोडावा लागतो, फिल्टरमधून नेला तर वाळू चोंदते. वेळ होता म्हणून आम्ही फिल्टरवरच भिस्त ठेवली. चौथ्या दिवशी, 5 सप्टेंबरला, घरी गौरी आल्या. सकाळी मी खोल बाजूला पाच रुपयांचं नाणं टाकलं आणि काठावरून सिंहमुद्रा दिसली. त्या रात्रीत 16 चे साडेपंधरा राहिले होते. रात्रभरात एकापेक्षा कमी उतरलं, पाणी नितळ आहे आणि घाणीला चिकटून निकामी झालेलं क्लोरीन अर्ध्या पीपीएमच्या आत आहे, ह्या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच शेवाळ संपलं म्हणायचं. पाणी निळं दिसलं म्हणून थांबलं की आठवड्यात परत येतं.

त्यानंतर गोळ्या जवळजवळ बंद केल्या. गावाला जाताना तेवढ्या डब्यात दोन घालते. एरवी पातळ सोडियम हायपोक्लोराइट, दहा टक्क्यांचं. एक पीपीएमला साधारण 400 मिली. एप्रिलमध्ये रोज दोन-तीन पीपीएम जातं, जुलैमध्ये ढगांमुळं एकच. उन्हात ठेवलं तर कॅनमध्येच त्याचा जोर उतरतो, म्हणून कॅन सावलीत आणि पंधरा दिवसांपुरतंच आणायचं. क्लोरीन 4 च्या आसपास ठेवते, पीएच 7.4. मोटर आठ तास. पाणी परत सोडणारी तोंडं आधी सगळी एकाच बाजूला होती, त्यातलं एक पायऱ्यांकडं वळवलं, कारण जिथं पाणी हलत नाही तिथंच शेवाळ पहिल्यांदा धरतं. बुधवारी आणि रविवारी ब्रश, पाणी कितीही स्वच्छ दिसो.

दुसरं काम हौदाबाहेरचं. आमच्या हौदाला लागून भात. रोप लावणीनंतर युरिया टाकतात. त्या पुराच्या पावसात बांध फुटून शेताचं पाणी हौदात उतरलं होतं हे आम्हाला गड्यानं नंतर दाखवलं, काठावर लाल मातीची रेघ होती. खताचं पाणी म्हणजे शेवाळाला जेवण, आणि युरियातून होणारा अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो. पुढच्या मे महिन्यात शेत आणि हौदाच्या मधून दोन फूट खोल चर काढली आणि हौदाचा काठ वीतभर उंच केला. एवढ्या एका कामानं पावसाळ्यातली निम्मी कटकट गेली.

शेवाळाचे आणखी दोन प्रकार असतात. सावलीच्या भिंतीला पिवळसर धूळ बसल्यासारखं दिसतं, ब्रशनं उडतं आणि दोन दिवसांत तिथंच परत येतं, तेही शेवाळच. नदीत किंवा तळ्यात पोहलेल्या कपड्यांतून, खेळण्यांतून ते येऊ शकतं. सांध्यांतले काळे ठिपके सगळ्यात चिवट. त्यांच्यावर चिकट कवच असतं, ते घासून फोडल्याशिवाय औषध आत पोचत नाही. मला ते एकदाच दिसले, शिडीच्या मागं, आणि महिनाभर पुरले.

तिसऱ्या पायरीवरचा तांब्याचा डाग अजून आहे. फिकट झालाय, पण उन्हात दिसतो. आत्ती आता ऐंशीच्या पुढं आहेत, उतरताना त्या डागावरच बरोबर पाय ठेवतात. त्याच्या खाली एकच पायरी उरते, आणि पाण्याखाली बाकी काही नाही दिसलं तरी तो दिसतो, असं त्या म्हणतात. उतरायच्या आधी दांडीला धरून विचारतात, "किती आलंय आज?" मी नळी उजेडात धरून आकडा सांगते, मग त्या पहिला पाय पाण्यात टाकतात.